माणशी अडीचशे

लीड्स, १९०२

टेपचं एक टोक फ्रुमाने धरलं,
दुसरं माझ्याकडे.
मध्ये नऊ माणसं, पाच यंत्रं, दोन शेगड्या
आणि तयार कोटांचा ढीग,
त्यावर मालकाचं पोर पालथं झोपलेलं.

लांबी चौदा. रुंदी तेरा.
उंचीसाठी इस्त्रीवाला फाइवेल टेबलावर चढला,
छताला तळवा टेकून म्हणाला,
‘दहा फूट, बाई. पण वरची दोन वाफेची.
ती आम्ही वापरत नाही.’

कायद्यात वाफ वजा होत नाही.
मी वही गुडघ्यावर घेतली:
अठराशे वीस घनफूट.
माणशी अडीचशे. म्हणजे सात माणसं
आणि वर सत्तर.
ती सत्तर कुणाच्या नावावर घालायची
याला छापील फॉर्मात रकाना नाही.

‘आणि जादा कामाच्या वेळी,’ मी वाचून दाखवलं,
‘माणशी चारशे.’
काजं करता करता फ्रुमा हसली.
तिचं इंग्रजी धावदोऱ्याचं, कच्चं टाचलेलं,
पण उसवत नाही:
‘रात्री आम्ही मोठ्या होतो?’
मी म्हटलं, गॅसचे दिवे हवा खातात.
‘मग दिव्यांनाही हजेरीवर घ्या.
त्यांचीही मजुरी कापतील.’

शौचकूप अंगणात. तीन घरांना मिळून एक,
बायका-पुरुषांना तोच, कडी मोडलेली.
किल्ली मालकाच्या खिळ्याला.
मी विचारलं, किती वेळा जाता?
कुणी बोललं नाही.
मग रेझल, सगळ्यांत धाकटी,
खिडकीकडच्या कपाकडे बघत म्हणाली,
‘आम्ही दुपारचा चहा पीत नाही.’

(अहवालात हे वाक्य लिहिलं.
वरिष्ठांनी लाल शाईने खोडलं:
चहा हा आपला विषय नव्हे.)

मी दारावर पाटी ठोकून घेतली. सात.
भिंतींना चुना, महिन्याच्या आत.
खिडकीवरचे खळीने डकवलेले कागद
माझ्या समोर फाडायला लावले.
काळपट उजेड आत आला,
पोर शिंकलं,
मालक लाइझर मात्र हात चोळत उभा,
‘बाई, नऊ ताटांतून कुठली दोन उचलू?’
मी म्हटलं, ते कायदा सांगत नाही.
हे म्हणताना मला माझा आवाज
एखाद्या पाटीसारखा वाटला.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले.
न कळवता, नियमाप्रमाणे.
भिंती पांढऱ्या. किल्ल्या दोन,
एकीला लाल चिंधी बांधलेली.
खिडकी चार बोटं उघडी.
मी डोकी मोजली: सात. पुन्हा मोजली: सात.
लाइझरच्या चेहऱ्यावर परीक्षा सुटल्याचा भाव.

उतरताना जिन्याच्या वळणावर
स्कर्ट कशाला तरी अडला.
खाली पाहिलं तर सुई.
फ्रुमा एका पायरीवर, रेझल तिच्या खालच्या,
मांडीवर कोट, खांद्यांवर शाली,
आणि आतल्या उघड्या खिडकीतला वारा
दाराच्या फटीतून नेमका यांच्या मानेवर.

जिना म्हणजे खोली नव्हे.
व्याख्या मला पाठ आहे, कलमासकट.
इथं त्या दोघी नाहीतच.
पाटी खरी आहे. वही खरी आहे.

काय बोलावं सुचेना, तशी मी पिशवी उघडली.
फ्रुमाने सुई पदरासारखी शालीच्या काठात खोचली
आणि न सांगताच हात पुढे केला,
टेपच्या टोकासाठी.

चार फूट. अडीच.
उंची मोजता येईना,
वर थेट कौलांपर्यंत अंधार होता.
‘एवढी हवा,’ रेझल वर बघत म्हणाली,
‘सगळी आमची?’

मी ते आकडे समासात लिहिले, पेन्सिलीने.
मग चामड्याच्या डबीची दांडी फिरवत राहिले.
टेप पायऱ्या घासत परत येत होती
आणि तिच्या टोकाला
काळ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता.